सरगम गीत रचायला शिकवणं (हिंदुस्थानी संगीत, सुरुवातीचे विद्यार्थी)

सरगम गीत म्हणजे शब्द नसलेली, फक्त सा रे ग म या स्वरनामांतच गायची, रागात आणि तालात बांधलेली छोटी रचना. गाणं किंवा हार्मोनियम नुकतीच शिकायला लागलेल्या विद्यार्थ्याला असं गीत पाठ देण्याची पद्धत जुनीच आहे, पण ते त्याला स्वतःला रचायला लावणं ही वेगळी गोष्ट, आणि आपल्याकडच्या बहुतेक क्लासमध्ये ती अजून होत नाही. आधी शेकडो बंदिशी गळ्यात बसू देत, मग बघू, असा एकंदर समज असतो. त्यात तथ्य आहे, चांगली बंदिश बांधायला तेवढा साठा लागतोच. पण इथे हेतू मोठी बंदिश घडवण्याचा नसतोच मुळी, सम (तालाची पहिली मात्रा) म्हणजे काय आणि वादी स्वर (रागातला सर्वांत महत्त्वाचा स्वर) म्हणजे काय हे कानाला आतून कळावं यासाठी रचायचं असतं. व्याख्या पाठ करून ते कळत नाही, हे शिकवणाऱ्या कुणालाही विचारा.

या सगळ्याची मुळं लांबवर जातात. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकरात शब्द आणि स्वर दोन्ही रचणाऱ्या वाग्गेयकाराची लक्षणं दिली आहेत, आणि खंडमेरूची रीतही सांगितली आहे, म्हणजे दिलेल्या स्वरांचे सगळे क्रम पद्धतशीर कसे काढायचे ते. तीन स्वरांचे 6 क्रम होतात, चारांचे 24, सातांचे थेट 5040. विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत रागारागांची सरगम गीतं आणि लक्षणगीतं (रागाची लक्षणं शब्दांत सांगणारी गीतं) आहेत, त्यातली कित्येक त्यांनी स्वतः रचलेली, 'चतुर' या मुद्रेने, म्हणजे टोपणनावाने. नवीन रागाची ओळख करून द्यायला आजही बरेच शिक्षक याच सरगमी आधी घेतात.

शिकवायची सुरुवात पलट्यापासून, म्हणजे ठरावीक क्रमात पायरीपायरीने चढणाऱ्या स्वरांच्या सरावापासून करावी. पोराला सारेग रेगम गमप येतच असतं, तेव्हा त्याला म्हणायचं की याच तीन स्वरांचा क्रम बदल आणि तुझा पलटा कर, मग कुणी सागरे रेमग गपम आणतं, कुणी गसारे मरेग पगम, आणि पुढचा स्वर कोणता हे आता स्वतः शोधायचं असल्यामुळे पाठांतराची सवय तिथेच मोडते. खंडमेरूचं नाव घ्यायची गरज नाही, सहाच्या सहा क्रम वहीत मांडून घेतले की झालं.

मग भूप राग. सा रे ग प ध, पाचच स्वर, मध्यम (म) आणि निषाद (नी) वर्ज्य, वादी गंधार (ग), संवादी म्हणजे वादीखालोखाल महत्त्वाचा स्वर धैवत (ध). अर्ध्या स्वराचं अंतरच नसल्यामुळे कसेही जोडले तरी कानाला फारसं खटकत नाही. जर्मनीत कार्ल ऑर्फने लहान मुलांच्या संगीतशिक्षणात नेमकं हेच केलं, झायलोफोनच्या पट्ट्या काढता येतील अशा ठेवल्या आणि मध्यम-निषादाच्या जागच्या पट्ट्या उचलून बाजूला ठेवल्या, उरलेल्या पाचांवर मूल बिनधास्त वाजवतं. म्युनिकच्या ज्या ग्युंटर शाळेत हे विचार आकाराला आले ती 1924 ची. दोन्हीकडे स्वर तेच, फरक असा की आपल्याकडे त्यात राग सांभाळावा लागतो.

आता प्रत्यक्ष कसं होतं ते बघू. तीनताल, 16 मात्रा, टाळ्या 1, 5 आणि 13 वर, खाली, म्हणजे टाळीऐवजी हात उघडा ठेवायची जागा, 9 वर. रचना खालीपासून उचलायची, म्हणजे समेवर येईपर्यंत आठ मात्रा मिळतात. नवशिका हमखास असं लिहून आणतो (|| च्या पुढे सम):

सा रे ग प | ध प ग रे || सा

चूक काहीच नाही, पण समेवर सा आल्यामुळे सुरू व्हायच्या आतच सगळं संपल्यासारखं वाटतं. शिक्षकाने इथे नवीन ओळ देऊ नये, फक्त विचारावं की समेवर गंधार आणायचा असेल तर काय बदलशील. थोड्या खटपटीनंतर असं काहीतरी येतं (सां म्हणजे वरच्या सप्तकातला सा, आडवी रेघ म्हणजे आधीचा स्वर लांबवायचा):

सा रे ग प | ध सां ध प || ग – रे ग | प ग रे सा

पहिल्या चार मात्रा तशाच आहेत, पण आता सम दिसते, आणि गंधारावर थांबल्यामुळे भूपही दिसतो. धैवतावर सारखं सारखं थांबलं तर तो देशकार रागाकडे झुकतो, कारण देशकारात स्वर तेच पण वादी धैवत, आणि हा फरक पोराला स्वतःच्याच ओळीत ऐकू आला की परत सांगावा लागत नाही. स्थायी म्हणजे रचनेचा हा पहिला भाग जमली की अंतरा म्हणजे दुसरा भाग, मध्य सप्तकातून उचलून तार षड्जाकडे (वरच्या सा कडे) नेलेला, तिथे मुलं जरा अडखळतात, पण एक-दोन चांगले अंतरे गाऊन दाखवले की होतं.

शब्द नंतरच. आणि ते मराठी असावेत, रोजच्या बोलण्यातले, बंदिशींतली न कळणारी ब्रज भाषा लहान मुलांवर लादू नये असं माझं स्पष्ट मत आहे. वरच्याच ओळीवर "आभाळ भरून आलं बघ ना गं" असं बसवलं तर (ऽ म्हणजे आधीचं अक्षर लांबवायचं):

आ भा ऽ ळ | भ रू ऽ न || आ ऽ लं ऽ | ब घ ना गं

'आलं'चा आ समेवर पडतो, उघडा स्वर, ओढायला सोपा, आणि 'रू' तार षड्जावर जातो. हीच ओळ नवव्याऐवजी दहाव्या मात्रेपासून उचलली तर समेवर 'भरून'मधला न येतो, आवाज तिथेच मिटतो आणि अर्थही अर्ध्यात तुटतो. दोन्ही तऱ्हा ठेक्यावर गाऊन घ्याव्यात, समजवायची गरज पडत नाही.

लिहून ठेवणं आवश्यकच, त्यासाठी भातखंडे लिपी सोपी पडते, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकाला खाली टिंब, तार म्हणजे वरच्या सप्तकाला वर टिंब, समेला फुली, खालीला शून्य. मोबाईलवर रेकॉर्डिंगही करावं, पण ते वहीच्या जोडीला, वहीऐवजी नाही, कारण लिहिताना मात्रा मोजाव्याच लागतात. ग्रुप क्लास असेल तर एकाने आठ मात्रा द्यायच्या आणि दुसऱ्याने पुढच्या आठ भरायच्या, तबला अ‍ॅप मध्य लयीत चालू ठेवून, आणि यात लाजरी मुलंसुद्धा बोलायला लागतात. दुरुस्ती एका वेळी एकच सांगावी. सगळी ओळ शिक्षकाने सुधारून दिली तर ती शिक्षकाची होते, मूल मग पुढच्या वेळी कोरी वही घेऊन येतं.

भूपानंतर दुर्गा राग द्यावा, सा रे म प ध, परत पाचच स्वर, पण मध्यम आल्याने चाल पूर्ण बदलते. भीमपलास, बागेश्री यांची घाई नको, त्यांच्यात आरोह (चढण) वेगळा अवरोह (उतरण) वेगळा, भीमपलासात तर चढताना रे आणि ध वर्ज्य आणि उतरताना हजर, तेव्हा आधी त्या रागातल्या दोन-तीन बंदिशी नीट बसू द्याव्यात आणि मगच रचायला सांगावं.