जावातील एम्बेडेड ॲप्लिकेशन सर्व्हर

वेब ॲप्लिकेशनसाठी लागणारा सर्व्हर वेगळा इन्स्टॉल न करता तो डेव्हलपमेंटच्या वातावरणातच चालवण्याची पद्धत. ही सोय दोन रूपांत मिळते. काही आयडीई (कोड लिहिण्याची आणि चालवून बघण्याची साधने) सर्व्हर सोबत घेऊनच येतात: ओरॅकलच्या जेडेव्हलपरमध्ये पूर्वी ओसीफोरजे हा सर्व्हर असे, पुढे त्याची जागा वेबलॉजिक या सर्व्हरने घेतली आणि तो, सेटिंग बदलले नाही तर, 7101 या पोर्टवर (सर्व्हर ज्या क्रमांकावर विनंत्या ऐकतो तो) चालू लागला. इथे 'रन' म्हटले की सर्व्हर सुरू करणे आणि त्यावर ॲप्लिकेशन चढवणे ही दोन्ही कामे आयडीई करते, पण सर्व्हरची प्रोसेस वेगळीच असते. दुसऱ्या रूपात सर्व्हर ही प्रकल्पातली एक लायब्ररी असते आणि तो ॲप्लिकेशनच्याच जेव्हीएममध्ये (जावा कोड चालवणाऱ्या प्रोसेसमध्ये), 'मेन' मेथडमधून सुरू होतो. 1995 मध्ये सुरू झालेला जेटी हा सर्व्हर असा वापरण्यासाठी प्रसिद्ध आहे. 2014 मध्ये आलेल्या स्प्रिंग बूट या फ्रेमवर्कने टॉमकॅट हा सर्व्हर गृहीत धरून हीच रीत सर्वत्र रुळवली.

खरा फायदा वेळेचा आहे. वॉर फाइल (सर्व्हरवर चढवायचे ॲप्लिकेशनचे गाठोडे) बांधा, सर्व्हरच्या फोल्डरमध्ये टाका, रीस्टार्ट करा, लॉग बघा, हा फेरा जवळजवळ संपतो. ब्रेकपॉइंटही (कोड थांबवून तपासण्याची खूण) थेट लागतो, रिमोट डीबगिंग जोडावे लागत नाही. डीबग चालू असताना मेथडच्या आतला कोड बदलला तर जेव्हीएम तो जागेवरच स्वीकारते. नवी मेथड किंवा फील्ड घातली की मात्र साधारणपणे रीस्टार्ट अटळ. स्प्रिंग बूटचे डेव्हटूल्स हे साधन त्यासाठी दोन क्लासलोडर (क्लासेस मेमरीत आणणारे घटक) ठेवते, एक लायब्रऱ्यांचा, दुसरा आपल्या क्लासेसचा. फक्त दुसराच टाकून नवा बनवल्यामुळे रीस्टार्ट झटपट होतो.

टॉमकॅट हाताने एम्बेड करणाऱ्यांना एक जागा हमखास अडवते. आवृत्ती 9 पासून 'गेटकनेक्टर' मेथड बोलावल्याशिवाय कनेक्टर (पोर्टवर विनंत्या ऐकणारा भाग) आपोआप तयार होत नाही. सर्व्हर विनातक्रार सुरू होतो, पण पोर्टवर कोणीच ऐकत नसते.

मोठा धोका क्लासपाथचा, म्हणजे क्लासेस जिथून शोधले जातात त्या यादीचा. लायब्ररी म्हणून चालणाऱ्या सर्व्हरमध्ये आयडीईतून रन करताना सगळे जार (लायब्रऱ्यांच्या फाइल्स) सहसा एकाच सपाट क्लासपाथवर असतात. स्वतंत्र सर्व्हरवर प्रत्येक ॲप्लिकेशनला स्वतःचा क्लासलोडर मिळतो आणि सर्व्हरच्या सामायिक लायब्रऱ्याही मध्ये येतात. त्यामुळे लायब्रऱ्यांच्या आवृत्त्यांची भांडणे घरात दिसत नाहीत, प्रोडक्शनवर (प्रत्यक्ष वापराच्या सर्व्हरवर) उघडी पडतात. जेएनडीआयमधून (नावाने साधने शोधून देणाऱ्या जावाच्या सोयीतून) मिळणारे डेटासोर्स, म्हणजे डेटाबेसच्या जोडण्या, हेही तसेच: प्रोडक्शन सर्व्हरवर ते ॲडमिन लावून ठेवतो, एम्बेडेडमध्ये स्वतः जोडावे लागतात. प्रोडक्शन स्वतंत्र सर्व्हरवर असेल, तर त्याच सर्व्हरच्या त्याच आवृत्तीवर एक चाचणी झालीच पाहिजे, याला पर्याय नाही. ॲप्लिकेशन जार म्हणूनच प्रोडक्शनला जात असेल, तर हा प्रश्न बहुतांशी उरत नाही.

आधीची प्रोसेस मागे जिवंत राहिली की 8080 हा पोर्ट अडकतो आणि 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' ही एरर येते. ती प्रोसेस बंद करणे हा साधा उपाय. स्वयंचलित चाचण्यांमध्ये मात्र पोर्ट 0 द्यावा. मग ऑपरेटिंग सिस्टिम मोकळा पोर्ट शोधून देते आणि अनेक चाचण्या एकाच वेळी चालतात.