टबाखालचं गवत वजनाने मरत नाही

मुलुंडला आमच्या ताईचा तळमजल्याचा फ्लॅट आहे, मागे वीस बाय दहाचं अंगण आणि त्यात तिने दोन वर्षं पोरासारखं जपलेलं लॉन. मे महिन्यात भाच्यांसाठी फुगवायचा पूल, म्हणजे पाण्याचा मोठा टब, आणला, ८ फुटी गोल, खाली निळी ताडपत्री, मुलं दिवसभर पाण्यात, सगळे खूश, आणि १० दिवसांनी उचलला तर खाली पिवळाधमक गोल. वरच्या मजल्यावरून बघितलं तर हेलिपॅडच! तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी गॅलरीतूनच निकाल दिला, "एवढं वजन ठेवल्यावर काय होणार, चिरडलं ते." सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, हिशोब करेपर्यंत.

८ फुटी पुलात ५० सेंटिमीटर पाणी भरलं की साधारण २३०० लिटर होतं, म्हणजे सव्वादोन टनाच्या वर. आकडा ऐकून घाम फुटतो खरा, पण ते वजन पसरतं किती जागेवर ते बघा. ५० सेंटिमीटर पाण्याचा दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर फक्त ५० ग्रॅम. ६५ किलोचे काका लॉनवर नुसते उभे राहिले तर त्यांच्या तळव्यांखाली याच्या तिप्पट-चौपट दाब पडतो, आणि चालताना एका पायावर आले की अजून दुप्पट. म्हणजे गवताला काका जास्त जड. (हे मी त्यांना सांगितलेलं नाही.)

मग मेलं कशाने? नवरात्रात घट बसवतो तेव्हा देवघराच्या कोपऱ्यातलं धान्य कसं उगवतं आठवा. लांबच लांब, नाजूक आणि पिवळं. गवत, गहू, ज्वारी अशा सगळ्या फुलणाऱ्या झाडांमध्ये हरितद्रव्य बनवायची एक पायरी अशी आहे की ती उजेडाशिवाय होतच नाही. जुनं हरितद्रव्य तर रोज थोडं थोडं मोडत असतं, नवीन बनत नाही, आणि पान पिवळं पडतं. घटातलं धान्य दाण्यातल्या शिदोरीवर जगतं, तसं टबाखालचं गवत जमिनीतल्या खोडात साठवलेल्या स्टार्चवर. ताईचं लॉन हरळीच्या जातीचं, म्हणजे आपल्या गणपतीच्या दूर्वांचंच, आणि हरळी पक्की उन्हाची, सावलीत तिचं जमत नाही.

त्यात मुंबईचा मे. तापमान १० अंशांनी वाढलं की झाडाचा श्वसनाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, म्हणजे कमाई शून्य आणि खर्च मात्र डबल. वर ताडपत्रीमुळे मातीत हवा जात नाही, मुळांना ऑक्सिजन मिळत नाही, ओल कोंडते आणि बुरशीची चंगळ. पारदर्शक प्लास्टिक तर अजिबात अंथरू नका, टबाच्या बाहेर आलेल्या कडेखाली ऊन आत शिरून माती भट्टीसारखी तापते. शेतकरी तण आणि रोग मारायला ओल्या जमिनीवर मुद्दाम हेच करतात.

म्हणून साधी गोष्ट: टब एका जागी दोन दिवसांपेक्षा जास्त नको. शनिवारी भरा, रविवारी संध्याकाळी रिकामा करून उचला, पुढच्या वेळी जागा बदला. उचलायचा संध्याकाळीच, कारण अंधारात राहिलेलं पान एकदम दुपारच्या उन्हात आलं की भाजतं. आठवडाभर भरलेला ठेवलात तर डासांचंही बघावं लागेल, मुंबईच्या गरमीत डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठवडा-दहा दिवस पुरतात. आणि पाणी असेपर्यंत मोठं माणूस शेजारी हवंच.

वजनाचा खरा त्रास टबाखाली नसून टबाच्या कडेला होतो. मुलं ओल्या पायांनी शंभर वेळा आत-बाहेर करतात, ओल्या मातीचे कण कोरड्यापेक्षा पटकन एकमेकांत दाबले जातात, मधल्या हवेच्या पोकळ्या बंद होतात, आणि दोन दिवसांत चिखलाचं कडं तयार. तिथे काथ्याचं जुनं पायपुसणं टाका आणि तासा-दोन तासांनी सरकवत राहा.

जागा सपाट आहे का ते गवंड्याच्या लेव्हल पाइपने बघा, पाणी भरलेली पारदर्शक नळी, बस. एका बाजूला ५ सेंटिमीटर उतार असला तर तिकडे पाणी ५० ऐवजी ५५, आणि भिंतीवरचा जोर खोलीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे २१ टक्के जास्त. भिंत तिकडेच फुगते आणि कधीतरी सगळं पाणी तिकडूनच जातं.

इथे एक मात्र गंभीरपणे: लॉन पोडियमवर (म्हणजे खालच्या पार्किंगच्या स्लॅबवर) किंवा गच्चीवर असेल तर काकांचं बरोबर. गवताला चालणारं वजन स्लॅबला चालेलच असं नाही. ५० सेंटिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला ५०० किलो, आणि आपल्या भारतीय मानकात घराच्या खोल्यांसाठी वापरातला भार साधारण २०० किलो धरतात. इंजिनिअरला विचारल्याशिवाय तिथे टब नाही म्हणजे नाही, सेक्रेटरी हो म्हणाले तरी.

आता रिकामा करणं. ताईने बूच काढलं आणि चहा करायला गेली. २३०० लिटर तिच्या २०० चौरस फुटांवर पसरलं तर साधारण १२४ मिलिमीटर पाऊस होतो, हवामान खातं २४ तासांत ११५.६ च्या वर गेलं की 'अति मुसळधार' म्हणतं. माती गच्च भरली आणि मुळं परत गुदमरली. आणि पाणी तरी किती, माणशी रोज १३५ लिटर धरलं तर एका माणसाचे १७ दिवस, तेही तलावांची पातळी खाली गेलेली असताना. त्यामुळे आता तिच्याकडे बादल्यांची लाइन लागते, झाडं, गाड्या, जिना, उरलेलं लॉनला थोडं थोडं. क्लोरीनची पावडर टाकली असेल तर पाणी आधी दोन-तीन दिवस उन्हात ठेवायचं, ऊन क्लोरीन मोडतं, पण ते ड्रममध्ये काढून झाकणाऐवजी जाळी बांधून, नाहीतर टब परत तिथेच बसून राहणार.

हेलिपॅडचं काय झालं? ताई उपटून नवीन लॉन लावणार होती, माळीकाकांनी थांबवलं. सळईने बोटभर खोल भोकं पाडली, युरिया टाकू दिला नाही, रोज हलकं पाणी. हरळीची जमिनीतली खोडं जिवंत होती. कडेकडून हिरवं आत सरकत आलं, मध्यभाग सगळ्यात शेवटी, जून संपता संपता, पाऊस लागल्यावर.