पोशाख आणि पत (सातारा-सांगली परिसर)

पोशाख आणि पत : वस्त्रे, शिरोभूषण व पांघरूण यांच्याद्वारे माणसाचे नाते, मान, व्यवसाय आणि विश्वासार्हता समाजापुढे मांडण्याची रीत. कृष्णा, कोयना, वारणा आणि माणगंगा या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेल्या सातारा व सांगली जिल्ह्यांत ती शेती, बाजार, लग्नकार्य, सहकार व राजकारण या सर्व व्यवहारांत आढळते. कापडाचे मोल येथे केवळ पोतावर किंवा किमतीवर ठरत नाही. ते कोणी, कोणाला आणि किती लोकांसमक्ष दिले यावरही ठरते. त्यामुळे या भागातील पोशाखाचा विचार अंगावरच्या शिवलेल्या कपड्यांपुरता मर्यादित ठेवता येत नाही.

या रीतीचे सर्वांत ठळक ऐतिहासिक रूप साताऱ्याच्या राजव्यवहारात दिसते. १७०८ मध्ये छत्रपती शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यास झाला. मराठी राज्यात मोठ्या पदावरील नेमणूक वस्त्रे देऊन होत असे आणि वस्त्रांसोबत शिक्केकट्यार, म्हणजे पदाची मुद्रा व कट्यार, मिळाल्यावर अधिकार पुरा होई. बाळाजी विश्वनाथांच्या मृत्यूनंतर एप्रिल १७२० मध्ये कऱ्हाडजवळच्या मसूर येथे शाहू महाराजांनी बाजीरावांना पेशवेपदाची वस्त्रे दिली. पुढे राज्याचा प्रत्यक्ष कारभार पुण्यास गेला, तिजोरी व फौजही पेशव्यांच्या हाती आली. तरीही नव्या पेशव्याला वस्त्रे साताऱ्याच्या छत्रपतींकडूनच घ्यावी लागत. सत्ता कोणाकडे आहे हे सर्वांना ठाऊक असतानाही अधिकार मात्र वस्त्रांवाचून ग्राह्य धरला जात नसे, ही गोष्ट वस्त्राचे सामाजिक बळ समजण्यासाठी फार महत्त्वाची आहे.

सामान्य रयतेचा पोशाख हवामान आणि कष्ट यांनी घडवला. पुरुषांचे धोतर, बंडी किंवा सदरा व पटका आणि स्त्रियांचे नऊवारी लुगडे व चोळी हा जुना वेश होय. कर्नाटकाच्या सीमेलगत असल्यामुळे जत आणि मिरजेकडच्या भागात इरकली लुगडी व गुळेदगुड्डचे खण यांना पूर्वीपासून मागणी राहिली. जावळी-पाटणच्या अतिपावसाच्या डोंगरी पट्ट्यात भाताच्या लावणीला इरले, म्हणजे डोक्या-पाठीवरून घ्यायचे पानांचे आच्छादन, वापरीत. माण, खटाव, आटपाडी व जत या दुष्काळी टापूत घोंगडी हे मुख्य पांघरूण होते. दख्खनी मेंढीच्या लोकरीचे सूत काढून सनगर कारागीर खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणतात आणि चिंचोक्याची खळ देऊन तिला ताठपणा आणतात. डोक्यावरून खोळ करून घेतली की ती पावसात चालते, अंथरली की बैठक होते आणि देवकार्यात तिला पूजेचा मान मिळतो. इतक्या कामांना पुरे पडणारे दुसरे वस्त्र या भागात नाही, आणि तिच्या विणकरांची घटती संख्या ही खरोखरच चिंतेची बाब आहे.

वेशाची ही व्यवस्था सर्वांना सारखा मान देणारी नव्हती. लुगडे कितपत खाली नेसावे, दागिने कोणत्या धातूचे घालावेत, पायांत वहाण असावी की नसावी, यांवरून जात ओळखली जाई, आणि ती ओळख पुसण्याची मुभाही नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे बालपण काही काळ साताऱ्यात गेले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांनी तेथील सरकारी शाळेत प्रवेश घेतला. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथील परिषदेत त्यांनी स्त्रियांना जातीची खूण ठरलेली लुगडे नेसण्याची पद्धत व तसे दागिने टाकून देण्याचे आवाहन केले आणि स्त्रियांनी ते लगोलग आचरणात आणले. पोशाखातील बदल हा हक्काचा प्रश्न असू शकतो, हे या प्रसंगाने जितके स्पष्ट केले तितके क्वचितच दुसऱ्या कशाने केले असेल.

पुरुषांच्या वेशात डोक्यावरील वस्त्राला सर्वाधिक मान होता. वडीलधाऱ्यांसमोर बोडक्या डोक्याने जाणे अशिष्ट समजले जाई, तर पटका किंवा टोपी काढून दुसऱ्याच्या पायावर ठेवणे ही विनवणीची अखेरची पायरी मानीत. स्वातंत्र्यचळवळीच्या काळात पटक्याच्या जागी पांढरी गांधी टोपी आली. देवराष्ट्रे येथे जन्मलेले यशवंतराव चव्हाण १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले. ते आणि सांगलीचे वसंतदादा पाटील यांनी धोतर, नेहरू शर्ट व टोपी हा वेश राज्यकारभारात नेला. त्यामुळे शेतकऱ्याच्या पोराला मंत्रालयाची पायरी परकी वाटेनाशी झाली. पुढे साखर कारखाने, दूध संघ व सहकारी बँका यांच्या विस्ताराबरोबर तोच पांढरा वेश कडक इस्त्रीचा झाला आणि पुढाऱ्याची खूण बनला.

व्यापारात वस्त्राचा एक वेगळाच उपयोग होत आला आहे. पुसेगाव, म्हसवड, खरसुंडी येथील यात्रांत खिलार जनावरांचे मोठे बाजार भरतात. तेथे दलाल आणि गिऱ्हाईक परस्परांचा हात धरून त्यावर टॉवेल, उपरणे किंवा धोतराचा सोगा टाकतात आणि आत बोटे दाबून किंमत सांगतात. किती बोटे धरली यावरून आकडा कळतो. तो शेकड्यात धरायचा की हजारात, हे जनावर पाहूनच दोघांना उमगलेले असते. भोवती माणसांचे कडे असले तरी बोली तिसऱ्याला कळत नाही. यामुळे भाव फुटत नाही आणि नकार मिळाला तरी कोणाची अप्रतिष्ठा होत नाही. मात्र मालकाला बाजूला ठेवून दलालाने दोन्हीकडे वेगळे आकडे सांगण्याची सोयही याच कापडाखाली होते. बाजार समित्यांनी शेतमालासाठी उघड लिलावाचा आग्रह धरला तो यासाठीच, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने तो योग्य आहे.

लग्नाचा बस्ता हा या भागातील कापडव्यापाराचा कणा आहे. सांगलीची कापडपेठ, कऱ्हाड-साताऱ्याच्या पेठा आणि तालुक्यातील मोठी दुकाने लग्नसराईत बस्त्यांवर चालतात. दोन्ही घरची वडीलधारी माणसे ठरलेल्या दिवशी एकाच दुकानात पांढऱ्या गादीवर बसतात. शालू आणि नवरदेवाचा पोशाख यांची निवड झाली की मावळण (आत्या), मामा, करवली, भावकी अशा क्रमाने मानाची कापडे निघतात. खरी कसोटी असते ती या क्रमात. एखाद्या आत्याची साडी दुसरीच्या साडीहून हलकी निघाली तर तो रुसवा वर्षानुवर्षे टिकू शकतो. म्हणून जाणती बाई यादी हातात धरून प्रत्येक घडी उलगडायला लावते. खरेदी पुरी झाल्यावर बस्त्याला हळद-कुंकू वाहतात. दुकानदारासाठी बस्ता म्हणजे एका बिलापलीकडचे नाते होय, कारण त्या घरातील पुढची बारशी आणि वास्तुशांतीही त्याच दुकानाकडे वळतात. उधारीचा विश्वासही यातूनच जमतो.

बस्त्याखेरीज टोपी-टॉवेलाचा आहेर नित्याचा आहे. लग्न, जावळ, निवड, निवृत्ती, यात्रा अशा प्रत्येक प्रसंगी पाहुण्यांना टोपी-टॉवेल आणि स्त्रियांना खण किंवा साडी दिली जाते. विशेष मान असेल तर फेटा बांधतात. मृत्यूनंतरच्या दिवसांत सोयरे दुखवट्याची कापडे आणतात. कर्त्या मुलाच्या डोक्यावर टोपी किंवा पटका ठेवून घराची जबाबदारी आता त्याच्यावर आहे हे गोतासमोर मान्य केले जाते. अशा आहेरातले बरेच कापड वापरले न जाता पुढच्या घरी जाते, त्यामुळे दुकानांत देण्याघेण्याच्या साड्यांचा स्वस्त साठा वेगळा ठेवतात. अलीकडे अनेक कुटुंबे निमंत्रणपत्रिकेतच आहेर आणू नये असे छापतात. खर्चाच्या ओझ्याकडे पाहता हा पायंडा स्वागतार्ह आहे.

कामाच्या ठिकाणचा वेश उपयोगाने ठरतो. सांगलीच्या हळद बाजारातील हमालांचे कपडे पिवळे पडलेले असतात, आणि डोक्याला गुंडाळलेला टॉवेल हा पोत्याखालचा आधार असतो. उसाच्या व द्राक्षाच्या रानात मजूर स्त्रिया साडीवरून घरातील पुरुषाचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात; उसाच्या पात्याने हात कापत नाहीत, औषधाचे शिंतोडे थेट अंगावर येत नाहीत आणि उन्हाचा तडाखा कमी बसतो. कोणत्याही कारखान्याने न ठरवलेला हा गणवेश आता दोन्ही जिल्ह्यांत सार्वत्रिक झाला आहे.