स्प्रिंग एअर रायफलचा नेम : भरवसा किती अंतरापर्यंत ठेवावा?

आमच्याकडे रायफल घेऊन येणाऱ्या ग्राहकांचे बोलणे बहुतेक वेळा दोन वाक्यांपैकी एकाने सुरू होते. एक म्हणजे "नळी वाकडी आहे, नेम डावीकडे जातो" ही तक्रार आणि दुसरे म्हणजे "ही किती मीटरवर मारते?" हा प्रश्न. दोन्हींचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते, परंतु काउंटरवर उभ्या उभ्या ते सांगून होत नाही, म्हणून हे माहितीपत्रक छापले आहे.

दुसऱ्या प्रश्नामागे पुष्कळदा ससा, तितर किंवा होला असतो. त्याबाबत आमची भूमिका स्पष्ट आहे. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 9 नुसार अनुसूचीत समाविष्ट असलेल्या वन्यप्राण्यांची आणि पक्ष्यांची शिकार करण्यास मनाई आहे; आणि या कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत जखमी करणे, हुसकावणे व तसा प्रयत्न करणे हेही येते, त्यामुळे "फक्त घाबरवायला छर्रा मारला" हा बचाव टिकत नाही. भटक्या कुत्र्यांवर छर्रे झाडणे हाही प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याखाली गुन्हाच आहे. 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या नळीच्या आणि 20 जूलपेक्षा जास्त ऊर्जा नसलेल्या एअर रायफलला शस्त्रपरवाना लागत नाही; परवाना लागत नाही म्हणून शिकारीला मुभा आहे, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. रानडुकरांनी शेत उद्ध्वस्त केले असेल, तर पंचनामा करून वनविभागाकडे भरपाई मागता येते. छर्ऱ्याने रानडुक्कर मरत नाही, चवताळते.

तरीही अंतराचा प्रश्न गैरलागू ठरत नाही, कारण कागदावर किंवा डब्यावर नेम धरतानाही तो तितकाच खरा असतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये सशांची शिकार एअर रायफलने कायदेशीरपणे केली जाते. तेथे विनापरवाना रायफलसाठी 12 फूट-पाउंड, म्हणजे सुमारे 16 जूल, ही मर्यादा आहे. इतकी ताकद हाती असूनही तेथील अनुभवी मंडळी स्प्रिंग रायफलने साधारणतः 25 ते 30 यार्डांपलीकडे जनावरावर छर्रा सोडत नाहीत. जवळपास एक इंचाच्या वर्तुळात लागोपाठ सगळे छर्रे ज्या अंतरापर्यंत बसतात, तेच आपले अंतर, असा त्यांचा दंडक आहे, आणि हे छर्रे टेबलावर टेकून नव्हे, तर रानात ज्या स्थितीत बसावे लागेल त्या स्थितीत मारायचे असतात. हा दंडक डब्यावर नेम धरणाऱ्यालाही लागू पडतो.

खोक्यावर छापलेल्या आकड्यांनी बराच गोंधळ होतो. छर्रा किती लांब जाऊन पडतो आणि किती लांबवर नेम लागतो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या आकड्याचा उपयोग फक्त मागे भक्कम भिंत किंवा मातीचा बांध असला पाहिजे हे समजण्यापुरता आहे. दहा जूल ऊर्जेच्या रायफलमधून नेहमीच्या वजनाचा 4.5 मिलिमीटरचा छर्रा सुमारे 195 मीटर प्रतिसेकंद वेगाने निघतो. 20 मीटरवर नेम जुळवला, तर तोच छर्रा 30 मीटरवर सुमारे 4 सेंटिमीटर आणि 40 मीटरवर 10 ते 12 सेंटिमीटर खाली लागतो. म्हणजे अंतराचा अंदाज दहा मीटरने चुकला की नेम अचूक धरूनही डबा हुकतो. त्यातच बाजूने मंद वारा असेल, तर 30 मीटरवर छर्रा दोन-तीन सेंटिमीटर सहज सरकतो. याला रायफल जबाबदार नसते आणि आमच्याकडे यावर दुरुस्तीही नाही.

आता नळीच्या तक्रारीकडे वळू. नळी बिजागरीवर खाली मोडून छर्रा भरायच्या रायफलची नळी खरोखर वाकते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने : नळी उघडी असताना ट्रिगर दाबला जातो, ती फटकन वर येऊन आपटते आणि वरच्या बाजूला वाकते. अशा रायफलचे छर्रे वर लागतात, डावीकडे नव्हे. आडव्या दिशेने भरकटणाऱ्या रायफलमध्ये कधी बिजागरीचा स्क्रू ढिला असतो. तो आम्ही समोरच कसून देतो. उरलेल्या रायफलींमध्ये आम्हाला दोष सापडत नाही. चूक रायफल धरण्याच्या पद्धतीत असते.

स्प्रिंग सुटते तेव्हा जड पिस्टन वेगाने पुढे धावतो आणि त्यामुळे रायफल मागे सरकते. मग पुढे दाबल्या गेलेल्या हवेवर पिस्टन थांबतो आणि रायफल उलट पुढे झेपावते. हे सारे सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास घडते आणि या हालचाली सुरू असताना छर्रा अजून नळीतच असतो. बारूदाच्या बंदुकीची सवय असलेला माणूस रायफल खांद्यात घट्ट रोवतो, पुढचा हात आवळतो, किंवा नळी भिंतीच्या कठड्यावर टेकवतो. आवळण्याचा जोर प्रत्येक वेळी थोडा वेगळा पडतो, म्हणून उसळीही वेगळी होते आणि छर्रे विखुरतात. कठड्यावर टेकवलेली रायफल त्या कठीण पृष्ठभागावरून उडते आणि छर्रे बहुधा वर जातात. मग ग्राहक साइटचा (नळीवरच्या नेम धरायच्या खुणेचा) स्क्रू फिरवतो, दुसऱ्या दिवशी हातात धरून मारतो, पुन्हा फिरवतो, आणि असे करत साइट पार टोकाला गेल्यावर रायफल आमच्याकडे येते.

यावर उपाय असा, की रायफल आवळू नये. पुढचा दस्ता उघड्या तळहातावर भरलेली परात तोलावी तसा नुसता ठेवावा, बोटे मिटू नयेत, बट खांद्याला जेमतेम टेकवावी आणि रायफलला हवी तशी उसळू द्यावी. टेकू हवाच असेल तर वाळूच्या पिशवीवर हात ठेवावा आणि हातावर रायफल. तळहात दरवेळी त्याच जागी यावा म्हणून दस्त्यावर चिकटपट्टीची खूण करावी. छर्रा लागल्याचा आवाज येईपर्यंत डोळा साइटवरून हलवू नये. इतके केल्यावरच साइटला हात लावावा.

"नळी सरळ करून द्या" अशी मागणी आली की आम्ही आधी आमच्या 10 मीटरच्या नेमबाजीच्या पट्टीवर पाच छर्रे मारून पाहतो आणि नंतर तेच ग्राहकाला मारायला सांगतो. या चाचणीचे वेगळे शुल्क घेतो म्हणून काहींची नाराजी असते. परंतु दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर दुरुस्तीची गरज आहे की नाही हे ग्राहकालाच दिसते, आणि नको असलेल्या स्प्रिंगच्या किंवा पिस्टनच्या वॉशरच्या बदलापेक्षा हे शुल्क पुष्कळ कमी आहे. सुस्थितीतील साधी स्प्रिंग रायफल चांगल्या हातात 10 मीटरवर पाच छर्रे दीड सेंटिमीटरच्या आत बसवत असेल, तर ती उत्तम समजावी. तोच फैलाव 30 मीटरवर निदान साडेचार सेंटिमीटर होणार, आणि उभे राहून मारल्यास त्याच्याही कितीतरी पट. ऑलिंपिकमधील 10 मीटर रायफल प्रकारात दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो हे खरे, परंतु त्या रायफली आता दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालतात आणि त्यांना जाणवण्याजोगा धक्काच नसतो. नेमबाजीच्या स्पर्धेत उतरू इच्छिणाऱ्या मुलामुलींच्या पालकांना आम्ही स्प्रिंग रायफल सरावाची सुरुवात म्हणूनच सुचवतो.

स्वतःची मर्यादा शोधायला 10 मीटरपासून सुरुवात करावी, एका स्थितीत दहा छर्रे मारावेत आणि त्यातला नेमापासून सर्वांत दूर लागलेला छर्रा मोजावा. "तो एक सुटला" म्हणून वगळू नये, कारण मर्यादा ठरते ती त्याच छर्ऱ्याने. मग सगळे छर्रे एक इंचाच्या वर्तुळात बसेनासे होईपर्यंत पाच-पाच मीटर मागे सरकावे.

छर्ऱ्यांची निवडही महत्त्वाची आहे. एकाच व्यासाच्या निरनिराळ्या छर्ऱ्यांपैकी कोणता आपल्या नळीला मानवतो हे मारून पाहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून आम्ही तीन-चार प्रकारांची मिश्र पाकिटे ठेवतो. पूर्ण डबा नंतर घ्यावा. दुर्बीण लावायची असल्यास एअर रायफलसाठी बनवलेलीच घ्यावी, कारण पुढे झेपावणाऱ्या धक्क्याने इतर दुर्बिणींच्या आतील काचा सुटतात. बाहेरून आणलेली स्वस्त दुर्बीण आम्ही बसवून देतो, पण तिची हमी घेत नाही.

नळीमागच्या छिद्रातून तेल सोडू नये, ते आत पेटते आणि वॉशर जळतो. छर्रा न भरता रायफल उडवू नये.

दुरुस्तीला येताना रायफलमध्ये छर्रा नाही याची खात्री करून, ती पिशवीत घालून आणावी. आपण वापरत असलेल्या छर्ऱ्यांचा डबा आणि शेवटचा नेम धरलेला कागद सोबत असू द्यावा; कागदावर अंतर आणि उभे राहून मारले की बसून, एवढे लिहिलेले असले तरी आमचे निम्मे काम होते.