रंग मागे राहिला, मीठ पुढे गेलं

प्रथिनातलं मीठ काढायचं तर पूर्वी डायलिसिसच्या, म्हणजे मीठ झिरपू देणाऱ्या पण प्रथिन अडवणाऱ्या पिशवीशिवाय इलाज नसे. द्रावण पिशवीत भरायचं, बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) बुडवायचं आणि रात्रभर थांबायचं. १९५९मध्ये स्वीडनच्या उप्साला शहरातले येर्केर पोराथ आणि पेर फ्लोदीन यांनी ‘नेचर’मध्ये जेल फिल्ट्रेशनचा, म्हणजे जेलच्या कणांमधून द्रावण सोडून लहान-मोठे रेणू वेगळे करण्याचा लेख छापला. क्षार वेगळे करण्याचा मुद्दा थेट त्याच्या शीर्षकातच होता. लंडनमध्ये लेथ आणि रूथवेन यांनी स्टार्च भरलेल्या कॉलमवर (उभ्या नळीवर) असंच काही आधी करून पाहिलं होतं. पण ‘फार्मसिया’ कंपनीकडे रक्तद्रवाला पर्याय म्हणून वापरलं जाणारं डेक्स्ट्रान, म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या, आयतं होतं. त्याच्या साखळ्या एकमेकींना जोडून जेल केलं आणि त्याच वर्षी ते सेफाडेक्स या नावाने बाजारात आलं.

मोठी प्रथिनं जेलच्या कणांत शिरू शकत नाहीत, म्हणून आधी बाहेर पडतात. मीठ कणाकणात डोकावत मागून येतं. अडचण एवढीच की प्रथिन काय नि मीठ काय, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून रंगीत मार्कर: प्रथिन कुठे आणि मीठ कुठे पोचलं हे दाखवणारे, सोबत सोडलेले रंग.

प्रथिनाच्या बाजूला सगळ्यात गाजला तो ब्लू डेक्स्ट्रान. सुमारे २० लाख रेणुभाराच्या डेक्स्ट्रानला सिबाक्रॉन ब्लू हा कापड रंगवायचा रंग चिकटवलेला. पण १९६०च्या दशकाअखेरीस पायरुव्हेट कायनेजसारखी एन्झाइम्स या निळ्यालाच धरून बाहेर येताना दिसली. मोजपट्टीच मालाला चिकटली म्हणायची! पुढे हाच दोष उपयोगी पडला आणि तोच रंग जेलला बांधून एन्झाइम शुद्ध करण्याची पद्धत निघाली. क्षार काढण्याची नुसती चाचणी असेल तर मी हिमोग्लोबिन किंवा मायोग्लोबिन घेईन: रंग त्यांचा स्वतःचा, आणि ती खरोखरची प्रथिनं आहेत.

खरी फसगत मिठाच्या बाजूला होते. गुलाबी जीवनसत्त्व बी-१२चा रेणुभार १३५५. क्षार काढायला वापरतात त्या सेफाडेक्स जी-२५ या प्रकारावर ते मिठाच्या थोडं आधीच उतरतं. ते हिमोग्लोबिनच्या लाल पट्ट्यापासून सुटलं तर मीठ सुटलंच समजा. ब्रोमोफिनॉल ब्लू या निळ्या रंगाचं उलट. असे अॅरोमॅटिक (कार्बनची कडी असलेले) रंग डेक्स्ट्रानला चिकटत रेंगाळतात आणि मिठाच्याही मागे राहतात. कॉलममध्ये लाल पट्टा खाली असतो, निळा वर, मध्ये चांगलं बोटभर अंतर. बघणारा खूश होतो, आणि मीठ त्या मधल्या रंगहीन पट्ट्यातून चाललेलं असतं. शिवाय नमुन्यात अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन असेल तर हा निळा त्यालाच बिलगून पुढे पळतो, तेव्हा मात्र कॉलमच बिघडल्यासारखा वाटतो.

म्हणून नवा रंग वापरण्याआधी एकदा प्रथिन न घालता, शुद्ध पाण्याने धुतलेल्या कॉलममधून तो मिठाच्या पाण्यासोबत सोडून पाहावा. खालून येणारं पाणी थोडं थोडं ओळीने नळ्यांत धरायचं आणि प्रत्येक नळीत सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाकायचा; मीठ असेल तिथे साका बनतो. पांढरा साका कितव्या नळीपासून धरतो आणि रंग कितवीत उतरतो, हे शेजारी शेजारी ठेवून दिसतं.