पोटरीतल्या चरबीचा टक्का

2004 मध्ये फ्रान्समधल्या मार्सेय इथून आलेल्या एका बातमीने शार्को-मारी-टूथ या मज्जातंतूंच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांच्या घरी मोठी आशा पेरली. या आजाराच्या 1ए प्रकाराने ग्रासलेल्या उंदरांना क जीवनसत्त्व दिल्यावर ते सुधारले होते. औषध स्वस्त आणि रोजच्या ओळखीचे. मग इटली आणि ब्रिटनमधल्या 271 प्रौढ रुग्णांवर चाचणी झाली. काहींना दोन वर्षे रोज 1.5 ग्रॅम क जीवनसत्त्व, तर काहींना औषध नसलेली तशीच गोळी. 2011 मध्ये निकाल लागला, की उपयोग नाही.

मला त्या निकालातली दुसरी गोष्ट जास्त बोचते. आजाराची तीव्रता 36 गुणांच्या एका मापावर मोजली होती आणि ते माप दोन वर्षांत दोन्ही गटांत जवळजवळ हललेच नाही. आजार आत चालूच होता, पण वखारीतल्या काट्यावर सोने तोलायला घेतले तर काटा हलणार कसा? औषध खरोखर थोडे उपयोगी असते, तरी ते या मापाने दिसले असते का, हीच शंका राहते.

आजाराच्या नावातली तिन्ही माणसे 1886 मधली. पॅरिसमध्ये शार्को आणि पिअर मारी यांनी, तर इंग्लंडमध्ये हॉवर्ड टूथ यांनी त्याच वर्षी स्वतंत्रपणे हे वर्णन केले. मूळ बिघाड मज्जारज्जूत नसून हातापायांकडे जाणाऱ्या मज्जातंतूंत आहे, हे टूथ यांनी बरोबर ओळखले. सुमारे अडीच हजारांत एकाला होणारा हा आनुवंशिक आजार बहुधा पायांपासून सुरू होतो. तळपायाची कमान उंचावते, नडगीच्या बाजूचे स्नायू वाळतात, पाऊल वर उचलत नाही आणि माणूस सपाट जमिनीवरही ठेचकाळतो.

निदान पुढे खूप सुधारले. 1968 मध्ये डाइक आणि लॅम्बर्ट यांनी मज्जातंतूंतून संदेश किती वेगाने जातो यावरून आजाराचे प्रकार पाडले. 1991 मध्ये 1ए प्रकारामागे 17 व्या गुणसूत्राचा एक तुकडा दुप्पट झालेला असतो, हे सापडले. पण यातल्या कशानेही वर्षागणिक होणारा बदल मोजता येत नाही. जनुकातला दोष जन्मापासून तोच. संदेशाचा वेगही लहानपणीच मंदावतो आणि पुढे कित्येक वर्षे जवळपास तेवढाच राहतो. ताकद जाते ती तंतूच झडत गेल्याने. म्हणून नजर स्नायूकडे वळली.

तंतू तुटलेला स्नायू आधी बारीक होतो, मग त्याची जागा चरबी घेते. सीटी स्कॅनवर हे दिसे, पण दरवेळी क्ष-किरणांचा मारा होई. एमआरआयमध्ये तो त्रास नव्हता. मात्र सुरुवातीला डॉक्टर चित्र पाहून स्नायूला नुसत्या नजरेने श्रेणी देत, म्हणजे पुन्हा तेच जाड माप.

यातून सुटण्याची किल्ली 1984 मध्येच डिक्सन या संशोधकाने दिली होती. चुंबकीय क्षेत्रात पाण्यातला आणि चरबीतला हायड्रोजन किंचित वेगळ्या गतीने फिरतो. दोन्ही जुळलेले असताना एक चित्र घ्यायचे आणि एकमेकांविरुद्ध असताना दुसरे. त्यांची बेरीज-वजाबाकी केली की पाणी वेगळे, चरबी वेगळी. स्नायूच्या प्रत्येक ठिपक्यात चरबी किती टक्के, हे आकड्यात सांगता येते.

तरीही कुठे मोजायचे, हा प्रश्न उरतोच, आणि माझ्या मते या कामातला खरा शहाणपणा तिथेच आहे. स्पेनमधल्या सांतांदेरच्या संशोधकांनी 2006 मध्ये दाखवले की 1ए प्रकारात तळपायाचे छोटे स्नायू सर्वांत आधी चरबीने भरतात. जे आधीच भरले आहे, तिथे पुढची भर दिसत नाही. मांडी बऱ्याच जणांत शाबूत असते, तिथेही बदल दिसत नाही. पोटरी मधल्या अवस्थेत सापडते.

लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या संशोधकांच्या गटाने 2016 मध्ये 1ए प्रकाराच्या 20 रुग्णांचे वर्षभराच्या अंतराने घेतलेले स्कॅन प्रसिद्ध केले. पोटरीतली चरबी सरासरी 1.2 टक्के-अंकांनी वाढली होती. आकडा छोटा आहे, पण केवळ वीस माणसांत आणि एका वर्षात योगायोगापलीकडचा बदल पकडला गेला. 271 जणांत दोन वर्षांत जवळजवळ न हललेल्या मापाशेजारी हा आकडा ठेवून पाहावा.

स्कॅनमधला टक्का म्हणजे चालणे नव्हे, हे मान्यच. जिना चढताना आधार लागतो की नाही, हे रुग्णालाच विचारावे लागते. पण लंडनच्या अभ्यासात चरबीचा स्नायूंच्या ताकदीशी संबंध दिसला, म्हणून हा आकडा नुसती चित्रातली करामत नाही. एकदा शिरलेली चरबी सहसा मागे फिरत नाही. त्यामुळे नव्या औषधाकडून टक्का उतरण्याची अपेक्षा कुणी धरत नाही. पुढच्या वर्षी 1.2 च्या जागी शून्य आले, तरी हवे होते ते मिळाले.