मूल सांभाळायला बाई एवढी महाग कशी झाली?

चिपळूणात आम्ही बाळाला सांभाळायला बाई बघत होतो तेव्हा पहिल्याच बाईने सांगून टाकलं, सकाळी साडेआठ ते सहा, महिन्याला १० हजार, रिक्षाभाडं वेगळं. सासूबाई पुढचे दोन दिवस तेच बोलत होत्या, आमच्या वेळी असले पैसे कोण देत होतं! कोणीच देत नव्हतं हे खरंच आहे, पण काम फुकटात होत होतं म्हणून.

घरातला बाप्या मुंबईला गिरणीत, गावात बायका, म्हातारी माणसं नि पोरं, आणि महिन्याची मनीऑर्डर, असं कोकण पिढ्यानपिढ्या चाललं. २०११ च्या जनगणनेतसुद्धा रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, यावरून काय ते समजा. आई भातलावणीला गेली की पोर आजीकडे, नाहीतर आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. आणि मुंबईत कुणा चाकरमान्याच्या घरी पाळणा हलला की गावाला निरोप यायचा, एखादी पोरगी पाठवा हो, मग ती एसटीने जायची, दोन वेळचं जेवण नि दिवाळीला एक फ्रॉक, झाला पगार. म्हणजे नॅन्या पुरवणारे आम्हीच, फक्त तिला नॅनी कोणी म्हणत नव्हतं.

ते बंद झालं, बरंच झालं. १० ऑक्टोबर २००६ पासून १४ वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवायला बंदी आली, आणि तशाही पोरी आता शाळेत टिकायला लागल्या होत्या, पुढे कोणी डीएड, कोणी नर्सिंग, कोणी बँकेत, कोणी लोटे एमआयडीसीत. आता त्यांनाच बाई हवीय.

सरकारी सोय म्हणाल तर अंगणवाडी १९७५ पासूनची, पण पोर तीन वर्षांचं झाल्यावर, तेही काही तासच. २०१७ ला प्रसूती रजा १२ वरून २६ आठवडे झाली, ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. आमच्या बाजारपेठेत एका छपराखाली ५० माणसं फक्त लग्नात दिसतात. त्यामुळे सत्ताविसावा आठवडा उजाडला की शोधाशोध.

शेवटी आमची बाई ठरली, त्याच पगारावर, पण एप्रिल-मे येणार नाही म्हणाली, हापूसच्या पेट्या भरायला जाते, तिथे रोजचे पैसे रोज हातात नि कोणाची शी-शू काढावी लागत नाही.